ऐन हंगामात अंदमान

मार्च लागला की आमच्याकडं रस्त्यालाही गोड वास येतो. टेम्पोतून सांडलेले द्राक्षांचे मणी डांबरावर चिरडतात, त्यावर धूळ बसते, धुळीवर मधमाश्या बसतात, आणि महामार्गाच्या कडेनं चालताना चपला चिकचिक करत रस्ता सोडतात. या दिवसांत पिंपळगाव बसवंतला कोणी कोणाला ‘बरं आहे ना?’ असं विचारत नाही. ‘किती राहिलं?’ एवढंच विचारतात. म्हणजे बागेत माल किती राहिला. कोणी आजारी आहे, कोणाचं लग्न ठरतंय, कोणी रुसून माहेरी गेलंय, हे सगळं काढणी संपल्यावर. मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. मार्चमध्ये वर्तमानपत्राची पानंसुद्धा एकमेकांना चिकटलेली सापडतात, कारण वाचणाऱ्यांची बोटं चिकट असतात.

काल वाचनालय बंद करून आमच्या द्राक्षं निवडायच्या शेडवर गेले. पत्र्याखाली दिवसभराचं ऊन साठलेलं, ओल्या पोत्यांचा वास, कात्र्यांची कचकच, आणि सुरगाण्याकडून हंगामासाठी आलेल्या बायकांचं एका सुरातलं बोलणं. मी एक घड हातात घेतला आणि जिभेवर एकदम खारट चव आली. गेली दोन वर्षं असंच होतंय. द्राक्षांचा वास आला की मला समुद्र आठवतो. एका हंगामात आम्ही दोघी सगळं टाकून निघून गेलो होतो. तो हंगाम माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

दोघी म्हणजे मी आणि आक्का.

आक्का माझ्या मोठ्या नणंद. नाव इंदू, पण त्या नावानं हाक मारणारी जुनी माणसं आता थोडीच राहिलीत. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय वाळक्या फांदीसारखा राहिला. पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि दोन कुबड्या घेऊन त्यांनी आयुष्य काढलं. लग्न झालं नाही. कोणी होऊ दिलं नाही, हे जास्त खरं. घरात त्यांच्यावर सगळ्यांचा जीव आहे, आणि तो जीव एकाच वाक्यात बोलतो: ‘तुला कशाला त्रास?’ जत्रेला जायचंय? तुला कशाला त्रास. मावसबहिणीचं लग्न आहे? गर्दी असते गं, तुला कशाला त्रास. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला वाटलं, किती काळजी करतात ही माणसं. पुढं कळलं की या वाक्यात आक्कांना काही बोलायला जागाच ठेवलेली नाही.

शेडमधला त्रास मात्र कोणाला दिसत नव्हता. काढणी सुरू झाली की आक्का सकाळी शेडमध्ये बसायच्या ते दिवे लागेपर्यंत. बसून करायचं काम, म्हणून ते त्यांचं. घडातले बारके, फुटके मणी कात्रीनं काढायचे, घड क्रेटमध्ये रचायचे, बायकांवर लक्ष ठेवायचं. सुरगाण्याच्या डोंगरातून जीप भरून माणसं यायची, हंगाम संपला की जीप भरून परत जायची. आक्का जागच्या जागी.

त्या सातवीपर्यंत शिकल्या, कारण तेवढीच शाळा घराजवळ होती. वर्गाच्या भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता आणि आक्कांची बसायची जागा नेमकी त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी. तिथं निळ्या रंगात पेनाची शाई झटकल्यासारखे ठिपके होते. एकदा सगळा वर्ग सहलीला त्र्यंबकेश्वरला गेला. गुरुजींनी आक्कांना शाळेवर लक्ष ठेवायला म्हणून मागं ठेवलं. रिकाम्या वर्गात बसून त्यांनी दिवसभर ते ठिपके बघितले. ‘तेव्हाच ठरवलं,’ त्या मला म्हणाल्या होत्या. ‘त्र्यंबकला नेत नाय ना? मग मी सगळ्यात लांब जाईन.’

ठरवलेलं बाहेर यायला बराच काळ जावा लागला. आम्ही गेलो त्याच्या आदल्या दिवाळीत आक्कांचा उजवा, चांगला पाय दुखायला लागला. पायरी चढताना गुडघा आपोआप मोडायचा. मी त्यांना नाशिकला डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. लहानपणच्या आजारातून वाचलेल्या नसांनी इतकी वर्षं दुप्पट काम केलं, आता त्या थकल्यात. पोलिओ झालेल्या माणसांना उतारवयात असं होतं. हळूहळू चाकांची खुर्ची घ्यावी लागेल. कधी, ते सांगता येणार नाही. परतीच्या एसटीत आक्का ओझर येईपर्यंत खिडकीबाहेरच्या बागा बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘सुमन, घरी इतक्यात बोलू नको. नायतर आजच खुर्चीत बसवतील.’

आणि मग फेब्रुवारीचा शेवट. बाग ऐन काढणीला आलेली. शेडमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती, सगळे डबे उघडून बसले होते, तेव्हा आक्का भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, ‘दत्तू, मला अंदमानाला जायचंय.’

दत्तू म्हणजे आमचे हे, आक्कांचे धाकटे भाऊ. हे हसले. ‘जाऊ की. द्राक्षं संपू दे.’

‘द्राक्षं संपली की कांदे. कांदे झाले की छाटणी. छाटणी झाली की पाऊस. पाऊस गेला की परत छाटणी. दत्तू, मी अठ्ठावन्न वर्षांची झाले, तुझी द्राक्षं काय संपली नाय.’

शेडमधल्या बायका चावायच्या थांबल्या.

‘अगं पण आक्का, तिथं बोटी, चढउतार, खाचखळगे. तुला कशाला त्रास?’

‘त्रास माझा हाय ना? मग तो कुठं करून घ्यायचा ते मी ठरवीन.’ आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी सगळ्यांसमोर, लोणच्याची फोड चोखत, सांगून टाकलं. ‘हा पाय पुढल्या हंगामापर्यंत चालंल का नाय, कोणालाच माहीत नाय. जायचं तर आत्ताच जायचं.’

ह्यांचा चेहरा उतरला. बहिणीवर ह्यांचा खरोखर जीव आहे. ‘असं असेल तर मग तू आरामच करायला पाहिजे,’ हे हळू आवाजात म्हणाले.

‘आरामानं पाय वाचला असता तर एवढी वर्षं बसून काय कमी आराम केला मी?’

‘आणि तुला न्यायचं कोणी? मला तर इथून हलता येत नाही.’

‘मी नेते,’ मी म्हणाले.

‘तू? ऐन हंगामात?’

‘ऐन हंगामात.’

लग्न झाल्यापासून हंगामात मी माहेरीसुद्धा गेले नव्हते. बोलून झाल्यावर माझा आवाज मलाच ओळखू येईना. पण परत घ्यावासा वाटला नाही.

नाशिकच्या एका सहल कंपनीत चौकशीला गेलो. काचेच्या टेबलामागचा मुलगा फार गोड बोलला. ‘काकू, ग्रुपला अडचण होते हो. त्यापेक्षा मी तुम्हाला अंदमानचे छान व्हिडिओ पाठवतो.’ आक्का कुबड्या सावरत उठल्या. ‘व्हिडिओ तुझ्या ग्रुपला पाठव,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना घरी बसव. मी जाते.’ शेवटी माझ्या भाचीनं मोबाईलवरून आमची तिकिटं काढली, आणि शेडमध्ये क्रेटची थप्पी छताला लागलेली असताना आम्ही दोघी एका बॅगेनिशी निघालो. निरोप द्यायला हे दारात आले नाहीत. बागेत होते.

मुंबईच्या विमानतळावर एक माणूस चाकांची खुर्ची घेऊन आला. आक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘तुझी पाळी नंतर.’ आणि चालत निघाल्या.

पोर्ट ब्लेअरचं नाव आता बदललंय, पण तिथला रिक्षावाला आणि इडलीवाला जुनंच नाव घेतात, आपण नाशिककर बदललेल्या चौकांना जुन्याच नावानं ओळखतो तसं. ते गाव सगळं उतारावर आहे. एक सपाट रस्ता मिळेल तर शपथ. पत्र्याची घरं, त्यांच्या मधून सरळसोट सुपारीची झाडं, आणि कुठल्याही वळणावर अचानक खाली निळं पाणी. आमच्याकडची उन्हं कोरडी, चटका देऊन मोकळी होणारी. तिथली हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला गुंडाळून बसते. आणि संध्याकाळ दुपारला लागूनच येते. चहाचा कप ठेवेपर्यंत अंधार. ‘इथला दिवस घाईत दिसतो,’ आक्का म्हणाल्या. कोणाला त्याचं गाव विचारलं की तो आधी आजोबांचं गाव सांगायचा, बंगालातलं, तमिळ मुलखातलं, रांचीकडचं, आणि मग हसून म्हणायचा, पण आम्ही इथलेच.

मराठी माणूस तिथं उतरला की आधी तुरुंग बघतो. आम्हीही गेलो. आक्का एकेक पायरी चढत वरच्या मजल्यावर आल्या. लांबच लांब ओसरी, एकसारख्या कोठड्या, भिंतीत उंचावर एवढीशी खिडकी. एका कोठडीत त्या शिरल्या आणि मला म्हणाल्या, ‘सुमन, दार लोट जरा.’ मी गजांचं दार नुसतं पुढं ओढलं. त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. बाहेर लोक एकमेकांचे फोटो काढत होते. बऱ्याच वेळानं आक्का बाहेर आल्या, ओसरीवर टेकल्या आणि पदरानं तोंड पुसत बोलायला लागल्या.

‘मी लहान असताना काढणीला सगळी बागेत जायची. मी सरपटत विहिरीकडं जाईन म्हणून आई बाहेरून कडी घालायची. पाणी, भाकरी, सगळं आत ठेवलेलं. आईचा काय दोष नव्हता गं, ती तरी काय करणार? पण ती कडी पडायचा आवाज माझ्या कानातून गेला नाय.’ मग समोरच्या कोठड्यांकडं बघत म्हणाल्या, ‘हितल्या माणसांनी सोसलं ते लय मोठं. त्यांची बरोबरी नाय. पण कोंडलेल्या माणसाला काय वाटतं, ते मला कोणी गाईड लावून सांगायला नको.’

त्याच संध्याकाळी ह्यांचा फोन आला. व्यापारी दारात उभा आहे, बायका कमी पडताहेत, निवडीत गोंधळ चाललाय. ‘आक्का नाही तर शेडचं तंत्रच बिघडलंय. परवापर्यंत येता येईल का?’

‘नाही येणार. आक्का सुट्टीवर आहेत.’

‘कसली सुट्टी? ती काय नोकरीला आहे?’

‘तेच तर,’ मी म्हणाले. पलीकडं कोणीतरी ह्यांना हाक मारली. मग फोन बंद झाला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही मी परत फोन लावला नाही.

बाराटांग बेटावर चुन्याच्या दगडाच्या गुहा आहेत. आक्कांना त्या बघायच्या होत्या. तिकडं जाणारा रस्ता राखीव जंगलातून जातो, आणि त्या जंगलात तिथले मूळचे लोक राहतात. गाड्या एकामागोमाग, पोलिसांच्या देखरेखीत सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, असं आधीच बजावून सांगतात. आमच्या गाडीत आपल्याकडचंच एक जोडपं होतं. जंगल सुरू झालं तसा त्यातला माणूस खिडकीला नाक लावून बसला, मोबाईल मांडीआड धरून. ‘दिसले तर लगेच सांग,’ तो बायकोला म्हणाला. ‘अंगावर कपडे नसतात म्हणे.’

आक्का मागच्या सीटवर होत्या. त्यांनी कुबडी पुढं करून त्याच्या सीटवर टकटक केलं. ‘ओ भाऊ. मोबाईल खिशात घाला.’

‘काय झालं आजी?’

‘ते काय जत्रेतले प्राणी हायेत का? मी रस्त्यानं चालले की लोक गाडीतून वळून वळून बघतात. सगळा जन्म बघतायत. कसं वाटतं ते मला माहीत हाय. घाला खिशात.’

ड्रायव्हरनं आरशातून एकदा मागं बघितलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण समजलं असावं. माणसानं मोबाईल खिशात घातला आणि कानापर्यंत लाल होऊन समोर बघत बसला. आक्कांनी त्यांच्या बाजूचा पडदा ओढून घेतला. मी माझ्या बाजूचा ओढला. त्या जंगलाबद्दल मला इथं काही लिहिता येणार नाही, कारण मी ते बघितलेलं नाही.

रस्ता संपला की होडी. खारफुटीच्या मधून एक अरुंद पाणवाट जाते. दोन्ही बाजूंची झाडं पाण्यात मुळांवर उभी, आणि वर फांद्या एकमेकींत गेलेल्या, त्यामुळं उजेडसुद्धा हिरवा. होडीतून उतरल्यावर गुहेपर्यंत चालत जायचं. आधी लाकडी फळ्या, मग शेतांचे बांध, मग मुळं आणि दगड. वाट दाखवायला सुबल नावाचा चाळिशीचा माणूस होता. त्यानं आक्कांच्या पायाकडं बघितलं आणि अगदी प्रेमानं म्हणाला, ‘अम्मा, आप यहीं छाँव में बैठो. गुफा में क्या है, पत्थर ही तो है.’

‘पत्थर देखने को ही आयी मैं,’ आक्का म्हणाल्या.

आम्ही निघालो. बाकीचे लोक भराभर पुढं गेले. आक्का एक कुबडी टेकवायच्या, जागा पारखायच्या, मग दुसरी. शर्टाला घामाचे डाग पडलेले लोक गुहा बघून परत येऊ लागले तरी आम्ही अजून शेताच्या बांधावरच होतो. लोक बाजूला होऊन आम्हाला वाट देत होते आणि हळहळत होते. एका मुळावर कुबडी निसटली आणि आक्का पडल्या. हाताचा तळवा खरचटला, लुगड्याला माती लागली. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. कुबडी रोवून, दात दाबून, त्या आपल्या आपण उठल्या. सुबल घड्याळ बघत होता. सगळ्यांना परतीच्या गाड्या गाठायच्या होत्या. तो आमच्यापुढं उकिडवा बसला. ‘पीठ पर आ जाओ अम्मा. जल्दी हो जाएगा.’

‘त्याला सांग सुमन,’ आक्का म्हणाल्या, ‘पाठीवर बसून मी देव बघितले, लग्नं बघितली. आता पुरे झालं.’

मी सांगितलं. तो उठून उभा राहिला, आणि आम्ही तिघं गुहा न बघता मागं वळलो. होडीनं परत आलो. मला वाटलं, संपलं. जेट्टीवर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आत्ता निघालो नाही तर जंगलाचं फाटक बंद होईल आणि उद्यापर्यंत इथंच अडकाल, असं तो ओरडून सांगत होता. जोडपं आधीच गाडीत बसलेलं.

‘जाऊ दे त्याला,’ आक्का म्हणाल्या.

‘आक्का, बॅग तिकडं लॉजवर आहे. इथं आपलं कोणी नाही. राहायचं कुठं?’

‘ते बघू. पण मी अर्ध्यातनं परत जाणार नाय. तुला जायचं तर तू जा.’

मी घाबरले होते, हे कबूल करते. परका मुलूख, फोनला रेंज नाही. पण त्यांच्याकडं बघितलं. तळव्यातून रक्त येत होतं आणि डोळे असे होते, की मी लग्न होऊन आल्यापासून ते तसे कधी बघितले नव्हते. मी ड्रायव्हरकडं जाऊन म्हणाले, ‘आप जाइए. हम कल आएँगे.’

जेट्टीवर चहाची टपरी चालवणारी फुलमनी हे सगळं बघत होती. तिचे आजी-आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला आलेले, मग इथलेच झालेले. तिनं आम्हाला तिच्या घरी नेलं. भात, पातळ डाळ आणि तळलेले मासे वाढले. आक्कांनी आग्रह करायला न लावता दोनदा भात घेतला. जेवण झाल्यावर फुलमनी मोहरीचं तेल कोमट करून त्यांच्या उजव्या पायाला चोळत बसली.

‘गिर गई, फिर भी जाओगी?’ तिनं विचारलं.

‘गिर गई,’ आक्का म्हणाल्या, ‘मगर उठी भी ना?’

फुलमनी हसली आणि तिनं आणखी तेल घेतलं.

सकाळी पहिल्या होडीला सुबल हजर होता. आदल्या दिवशीचं काही बोलला नाही. बसा म्हणाला नाही की पाठ पुढं केली नाही. तो फक्त पुढं चालत राहिला आणि वाटेतले सुटे दगड पायानं बाजूला सारत राहिला. मागं घाई करणारं कोणी नव्हतं. माती रात्रीच्या दवानं घट्ट झाली होती, झाडांवर पोपट कलकलत होते. दम लागला की आक्का दगडावर बसायच्या, पाणी प्यायच्या आणि सावकाश परत उठायच्या. मी त्यांच्या मागून चालत होते. त्या पडतील म्हणून आधी मी हात पुढं धरला होता; अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की हात मी कधीच खाली घेतलाय.

गुहेच्या तोंडाशी गार वारा आला. आत अंधार, भिंतींवरून झिरपणारं पाणी, वरून लोंबणारे पांढरट दगडांचे झुबके. सुबलनं बॅटरी लावली आणि रोजच्या सवयीनं दाखवू लागला. हे कमळ, ही हत्तीची सोंड, हा इकडं गणपती.

आक्कांनी मान वर करून नीट बघितलं. ‘मला तसं काय दिसत नाय,’ त्या म्हणाल्या. ‘दगडच दिसतोय. पण लय भारी दगड हाय.’

मी हिंदीत सांगितलं तेव्हा सुबल इतका हसला की गुहेत हसू घुमलं. त्यानं बॅटरी बंद केली. आम्ही तिघं अंधारात उभे राहून पाण्याचे थेंब ऐकत राहिलो. शेजारी आक्कांचा श्वास मोठ्यानं येत होता. परत उजेड लागला तेव्हा मला त्यांचा उजवा पाय दिसला. मांडीपासून थरथरत होता. आक्का खाली बघत म्हणाल्या, ‘थरथरू दे. त्याचं काम त्यानं केलं.’

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही शहराजवळच्या किनाऱ्यावर गेलो. तिथं मगरींपासून सावध राहा असा मोठा फलक होता आणि पोहायच्या जागेला पाण्यात जाळी लावलेली होती. वाळूत कुबड्या रुतायला लागल्या. आक्कांनी त्या माझ्याकडं दिल्या, कॅलिपर काढायला लावलं, वाळूवर बसल्या आणि हातांवर जोर देत, बसल्या बसल्याच पाण्याकडं सरकू लागल्या. किनाऱ्यावरच्या रक्षकानं शिट्टी मारली. ‘माताजी, उधर मत जाओ!’ बाजूची मुलं बघायला लागली, त्यांच्या आया मुलांना बघू नको म्हणायला लागल्या.

‘आक्का, मगरी असतात म्हणे,’ मी म्हणाले.

‘मगरीला सांग, न्यायचाच असंल तर डावा ने.’

मी कुबड्या वाळूत रोवल्या आणि लुगडं भिजवत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. रक्षक जवळ आला, आम्हाला कमरेएवढ्याच पाण्यात बघून तिथंच उभा राहिला आणि मग लाटांकडं लक्ष ठेवत राहिला. पाण्यानं आक्कांचे पाय उचलले. एक जाड, एक काठीएवढा, दोन्ही सारखेच हलत होते, लाट येईल तसे वर, लाट जाईल तसे खाली. आक्का त्यांच्याकडं बघत होत्या. एक मोठी लाट आमच्या तोंडावर फुटली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. आक्का खोकल्या, थुंकल्या आणि मोठ्यानं, तोंड उघडून हसल्या. शेडमध्ये त्या हसायच्या तेव्हा तोंडावर पदर असायचा.

घरी आलो तेव्हा काढणी जवळजवळ उरकली होती. काही माल वेळेत निवडला गेला नव्हता, त्याचे मनुके करायला टाकले होते. हे अंगणात उभे होते. आम्हाला वाटलं होतं बोलणी खावी लागतील. ह्यांनी बहिणीच्या हातातली पिशवी घेतली, तळव्यावरची खपली बघितली आणि विचारलं, ‘दमलीस का गं?’

‘दमले,’ आक्का म्हणाल्या. ‘लय दिवसांनी दमले.’

पुढच्या पावसाळ्यात उजव्या पायानं साथ सोडली. चाकांची खुर्ची घरात आली. त्या दिवशी आक्कांनी दार लावून घेतलं आणि रडल्या. आतला आवाज मी ऐकला आहे, तो लिहायचं टाळणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांना बोलावलं आणि उंबरा काढायला लावला. आता शेडमध्ये त्या मनात आलं तर जातात, नाही आलं तर जात नाहीत, आणि कोणी बोलवायला जात नाही. पण नातेवाइकांना मात्र एक पुरावा सापडला. फिरायला गेली आणि पाय घालवून आली, असं ते चारचौघांत बोलू लागले. मी सुरुवातीला प्रत्येकाला डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगायची. मग सोडून दिलं.

परवा आठवडी बाजारात मी आक्कांची खुर्ची ढकलत होते. मेथीच्या ढिगाशी चाक अडकलं, आणि नेमक्या समोरून आमच्या चुलत सासूबाई आल्या. मोठ्या मायेनं त्यांनी आक्कांच्या गालावरून हात फिरवला.

‘काय मिळालं गं इंदू, तिकडं जाऊन?’ त्या म्हणाल्या. ‘पाय घालवून बसलीस.’

मेथीवालीनं हातातली जुडी तशीच धरली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला.

‘काकू, पाय जाणारच होता,’ आक्का म्हणाल्या. ‘जपून ठेवला असता तरी गेला असता. तो जायच्या आधी मी त्याला समुद्र दाखवून आणला.’